कव्हरवरचे पाय माझ्या भावाचे नव्हते

मा. संपादक यांस,
सप्रेम जय भीम.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पानभर लेख आला होता. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, बाळ ठाकूर, सुभाष अवचट यांच्याबद्दल त्यात फार आपुलकीने लिहिले होते. वाचून बरे वाटले. पण लेख संपता संपता एक वाक्य होते की, दलित आत्मकथनांच्या मुखपृष्ठांनी वेदनेला चेहरा दिला. ते वाक्य मी पुन्हा वाचले, चहा तसाच ठेवला आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ वर्षे सहायक होते. ग्रंथालयातले पुस्तक चार-पाच वर्षे हाताळले गेले की खिळखिळे होते आणि बाइंडिंगला जाते. बाइंडर मूळ कव्हर फाडतो, पुठ्ठा घालतो, वर काळे नाहीतर मरून रेक्झिन चढवतो. परत आलेले पुस्तक आणि वाण्याची हिशेबाची वही, लांबून दोन्ही सारखीच दिसतात. मला ते बघवत नसे. म्हणून गठ्ठा बाइंडरच्या ताब्यात देण्याआधी मी ब्लेडने कव्हर अलगद सोडवून घ्यायची, मागे पेन्सिलीने दाखल क्रमांक लिहायची आणि टेबलाच्या खणात सपाट ठेवायची. साहेबांना विचारले होते, ते म्हणाले, "रद्दीच आहे, न्या." निवृत्त झाले त्या दिवशी खण रिकामा केला आणि ट्रंक भरली.

त्या रविवारी खारेगावच्या आमच्या घरात, हॉलमधल्या लादीवर, मी आणि माझ्या भावाच्या मुलीने ती सगळी कव्हरे पसरली. जातीवरची, आरक्षणावरची, वादाच्या या बाजूची आणि त्या बाजूची पुस्तके तेवढी वेगळी काढली. मग एकासारखे एक लावत गेलो.

सगळ्यात उंच ढीग पायांचा झाला. भेगा पडलेली टाच, चिखलातली पावले, अनवाणी पोर. त्याच्या खालोखाल झाडू. मग फुटके मडके, डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी बाई, उकिरड्यावरचा कावळा. रंग काळा, लाल, मातकट. अक्षरे नखांनी ओरखडल्यासारखी. लेखात म्हटलेला चेहरा मी शोधत होते. चेहरे फार थोडे निघाले, आणि जे निघाले त्यांच्या नजरा जमिनीकडे होत्या.

दुसरा ढीग निळा. सूटबूट घातलेले बाबासाहेब, हातात संविधान, मागे उगवता सूर्य, कुठे बुद्ध, कुठे उंचावलेली मूठ. ही आपल्या लोकांनी आपल्या खिशातून छापलेली पुस्तके. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडलेली असतात. कागद हलका, कधी रंग ठशाबाहेर सरकलेला, ओठांचा लाल गालावर आलेला. पण या ढिगात एकाचीही मान खाली नाही.

तिसरा ढीग तराजूंचा. १९९० साली मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर झाली आणि त्यानंतर आरक्षणावरची पुस्तके, पुस्तिका दोन्ही बाजूंनी येत राहिल्या. ग्रंथालयाला त्या भेट म्हणूनही मिळत. विरोधातल्या कव्हरवर गुणपत्रिका, कापलेली शिडी, खिडकीबाहेर उभा राहिलेला हुशार मुलगा. बाजूने लिहिलेल्यांवर उघडे दार आणि वर चढणारी पावले. तराजू मात्र दोघांकडेही आहे, फक्त कोणाचे पारडे खाली एवढेच बदलते. तीस वर्षांत तोच एक तराजू इकडून तिकडे फिरतो आहे.

मी थांबणार होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "आत्या, हा ढीग कुठला?" आम्ही बाजूला सारलेल्या पुस्तकांतून तिने काही उचलली होती. आठवणींची, बालपणाची पुस्तके. वाड्याचा दिंडी दरवाजा, पितळी कड्यांचा झोपाळा, तुळशीवृंदावन, माजघरातली समई, सोवळ्याची घडी. ती म्हणाली, "ही पण जातीचीच आहेत ना?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. ३१ वर्षे ही पुस्तके मी 'आत्मचरित्र' म्हणून लावली होती. पुस्तकांच्या वर्गवारीत आमच्याकडे आत्मचरित्राला ९२० चा आकडा होता. दलित लेखकांची आत्मकथने मात्र पुष्कळदा ३०५.५६८८ ला, म्हणजे समाजशास्त्राच्या मांडणीत जात. मीच ते आकडे पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून कण्यावर चिकटवले आहेत. एकाच्या आयुष्याला आयुष्य म्हणायचे आणि दुसऱ्याच्या आयुष्याला समस्या, हे फडताळात आधी ठरले होते. कव्हर त्याच रांगेत येऊन उभे राहते. वाड्याच्या चित्रावर जात लिहिलेली नसते, म्हणून ती तिथे नाही असे आपण धरून चालतो. पायांच्या चित्रावर दुसरे काही लिहिलेलेच नसते.

आता मी दादाबद्दल लिहिते.

माझा थोरला भाऊ टर्नर होता, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारा कारागीर. गावाहून आला, आयटीआय केले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, सुरू झाली ती याच वागळे इस्टेटपासून. दादाच्या उमेदीच्या काळात सकाळची पाळी सुटली की सायकलींनी रस्ता भरून जायचा. खाकी शर्टाच्या खिशात त्याचा व्हर्निअर असे. व्हर्निअर म्हणजे मोजमापाचे पोलादी साधन, मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवणारे. चामड्याच्या पाकिटात ठेवलेला, रोज रात्री तेलाच्या चिंधीने पुसलेला. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. पुढे कारखाना बंद पडला, देणी अडकली, दादाने इतरांच्या वर्कशॉपमध्ये रोजावर काम केले, आणि साठीनंतर आयुष्य लिहून काढले. त्यात गावकुसाबाहेरचे घर आहे, पाणवठा आहे, शाळेत वेगळे बसवले ते आहे. पण निम्म्याहून जास्त पुस्तक लेथचे आहे. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, कसा धरायचा, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो, कुणाच्या हाताखाली तो शिकला, कोणत्या फोरमनने त्याच्या डब्याला हात लावला नाही आणि त्याच फोरमनला अवघड जॉब आला की दादाच कसा आठवायचा.

२०१० च्या डिसेंबरात ८४ वे मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरले, उत्तम कांबळे अध्यक्ष होते. हस्तलिखित तेव्हा नुकतेच पुरे झाले होते. आम्ही दोघे ग्रंथप्रदर्शनात फिरलो. दादा पुस्तके उघडत नव्हता, नुसती कव्हरे बघत होता. एका स्टॉलसमोर बराच वेळ उभा राहून म्हणाला, "ही सगळी माणसं मान खाली घालूनच का चाललीत?"

पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. प्रकाशकाचे नाव मी लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, त्याने पदरचे पैसे घालून ५०० प्रती काढल्या. दादाने कव्हरसाठी व्हर्निअर सुचवला होता, पाकिटासकट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. ते म्हणाले, "याने काय कळणार? इंजिनिअरिंगचं पुस्तक वाटेल. विषय दिसला पाहिजे." कव्हर छापून झाल्यावरच आम्ही पाहिले. दोन भेगाळलेले पाय, बाजूला खराटा. खाली दादाने कधीही न लिहिलेली ओळ : 'एका दलित कामगाराची व्यथा'. दादा कारखान्यात सेफ्टी शूज घालायचा. खराटा त्याच्या पुस्तकात एका पानावरही नाही.

तो कुणाशी भांडला नाही. लेखक म्हणून त्याला ज्या प्रती मिळाल्या त्यांचा गठ्ठा त्याने घरी आणला आणि जांभळी नाक्यावरून खाकी कागदाचे ताव आणले. खाटेवर बसून, शाळेच्या वह्यांना घालतात तशी, प्रत्येक प्रतीला खाकी कव्हरे घातली. कोपऱ्याला कात्रीने तिरपा छेद द्यायचा, कडा आत मुडपायची, अंगठ्याच्या नखाने घडी दाबायची. टर्नरचा हात होता, एक सुरकुती राहिली नाही. मग वर पांढरे लेबल चिकटवून त्यावर पुस्तकाचे नाव आणि स्वतःचे नाव, इतकेच लिहिले. पाहुण्यांना, जुन्या सोबत्यांना त्याने त्याच प्रती दिल्या. माझ्याकडे त्यातली एक आहे. दादा जाऊन चार वर्षे झाली. खाकी कागद आता घडीवर फाटायला लागला आहे.

मला कुणी म्हणेल, बाई, त्या भेगा खोट्या होत्या का? अजिबात नाही. माझ्या आईच्या टाचांत पावसाळ्यात नखभर भेगा पडायच्या, दादा चिमणीवर कोकमाचे तेल तापवून त्यात ओतायचा आणि आई ओठ दाबून बसायची. त्या पायांची मला लाज नाही. हेही खरे की १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला दचकवण्याची गरज होती. ज्याने वेशीबाहेर पाऊल टाकले नव्हते त्याला तिथली धूळ दाखवणे भाग होते. त्या काळच्या चित्रकारांनी ते मनापासून केले असेल, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दचकवण्यासाठी काढलेले चित्र पुढे साचा झाले. आता त्याने कुणी दचकत नाही. वाचक पाय बघतो, हळहळतो आणि पुस्तक ठेवून देतो. त्याला वाटते, आत काय आहे ते कळले.

शिवाय त्या कव्हरवर नेहमी एकच माणूस असतो. ज्याने वेगळा पेला ठेवला, ज्याने पोराला उन्हात बसवले, ज्याने डब्याला हात लावला नाही, तो कधीच नसतो. जात ही दोघांमधली गोष्ट आहे. चित्रात एकटाच राहिला की ती त्याच्या एकट्याच्या अंगाला चिकटलेला आजार वाटते. तराजूच्या ढिगात आणि पायांच्या ढिगात इतके भांडण आहे, पण याबाबतीत दोघांचे एकमत आहे असे मला त्या दिवशी लादीवर बसून जाणवले. दोघेही त्याच एका माणसाकडे बोट दाखवतात. एक म्हणतो बिचारा, दुसरा म्हणतो लाडावलेला.

आपली परंपरा अशी नव्हती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' काढले आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केले. पुस्तक उघडताच वाचक पुण्यातून थेट जगाच्या वादात जाऊन पडतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर तुकोबा होते : 'काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥' १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचले आणि त्यात बदल मागितले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते न केलेले भाषण स्वखर्चाने छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या काही चित्रातली दया बघून कुणी घेतल्या नव्हत्या.

आणि नंतरच्या आत्मकथनांची नुसती नावे वाचा : 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या'. समाजाने तोंडावर फेकलेला शब्द उचलून त्यांनी आपल्या पुस्तकाच्या कपाळावर लावला. या नावांना चित्राची गरजच काय? २००३ साली आलेले 'आयदान' तर वस्तूचे नाव आहे. बांबूची विणलेली टोपली, सूप, म्हणजे आयदान. आईचे ते विणकाम आणि आपले लिहिणे एकाच जातकुळीचे, असे उर्मिला पवारांनी म्हटले आहे. हाताचे कसब. माझा दादा व्हर्निअर घेऊन गेला तो याच वाटेने गेला होता. बेबीताई कांबळ्यांनी फलटणला दुकान सांभाळत लिहिले आणि ते लिखाण वीसेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले, नंतर 'जिणं आमुचं' झाले. सामानाच्या आड दडवलेली एक वही. याहून मोठे चित्र कोणते? लिहिणारा हात माझ्या ट्रंकेतल्या पायांच्या ढिगात एकदाही सापडला नाही.

भाची उपयोजित कला शिकली आहे, कव्हरे करते. तिने या धंद्याची बाजू सांगितली तीही लिहायला हवी, नाहीतर सगळा राग चित्रकारांवर निघेल. पुष्कळदा कव्हर करणाऱ्याला हस्तलिखित वाचायला मिळत नाही. फोनवर एक ओळ येते : "दलित आत्मकथन आहे, परवा हवंय." पैसे इतके कमी की एका कव्हरला दोन दिवस देणे परवडत नाही. मग संगणकावर तयार फोटोंच्या साठ्यात 'गरिबी' टाकायचे, पाय येतात, त्यावर अक्षरे ठेवायची. तेच पाय तीन वेगवेगळ्या पुस्तकांवर तिने मला दाखवले. तिने परदेशातलेही एक उदाहरण सांगितले. २००९ साली अमेरिकेत किशोरांसाठीची एक कादंबरी निघायची होती, नायिका कृष्णवर्णीय आणि बारीक केसांची. कव्हरवर मात्र लांब केसांची गोरी मुलगी. लेखिकेने उघडपणे नापसंती लिहिली, कव्हरवर काळा चेहरा असला की पुस्तक खपत नाही असे या व्यवसायात सांगतात हेही लिहिले. वाचक चिडले आणि प्रकाशकाने पुस्तक बाजारात येण्याआधी कव्हर बदलले. म्हणजे वाचकांनी म्हटले तर बदलते.

म्हणून माझे म्हणणे तीन ठिकाणी पोचावे असे वाटते. प्रकाशकांनी कव्हर छपाईला जाण्याआधी लेखकाला दाखवावे आणि त्याने नको म्हटले तर ते नकोच, हे करारात लिहावे. मुखपृष्ठावरची जास्तीची ओळही त्यातच धरावी. माणसाने स्वतःला दलित म्हणायचे, बौद्ध म्हणायचे, टर्नर म्हणायचे की तिन्ही, हे त्याला विचारूनच छापले पाहिजे. 'दलित' या एका शब्दावरून २०१८ साली केंद्र सरकारने माध्यमांना तो टाळण्याचा सल्ला देण्यापर्यंत गोष्ट गेली होती. तो शब्द अनेकांनी लढून मिळवला आहे, अनेकांना तो नको आहे, आणि प्रकाशकाने परस्पर तो चिकटवावा इतका तो स्वस्त नाही.

ग्रंथालयांना माझी कळकळीची विनंती आहे की, बाइंडिंगला देताना कव्हर फेकू नका. आपल्या ठाण्यात १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, ऐरोलीला बाबासाहेबांच्या स्मारकात ग्रंथालय आहे, गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत. प्रत्येकाने एक फाइल केली तरी पुरे. समाज कुणाकडे कसा बघत होता हे आतल्या मजकुराइतकेच त्या आर्टकार्डच्या तुकड्यावर छापलेले असते, आणि आपण ते ब्लेडने कापून रद्दीत घालतो. माझी ट्रंक जो नीट सांभाळेल त्याला मी द्यायला तयार आहे.

तिसरी विनंती आपल्याला. आपण पुस्तक परीक्षणाबरोबर कव्हरचे चित्र छापता. खाली पाने आणि किंमत असते, कव्हर कुणी केले ते नसते. ज्याचे नाव छापले जाते त्याला जबाबदारी वाटते.

दादाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आम्ही घरच्यांनी काढायची ठरवली आहे. कव्हर भाची करते आहे. मध्ये व्हर्निअर, पार्श्वभूमी खाकी, कोपऱ्याला घडी, वर पांढरे लेबल, अक्षरे दादाच्याच हातची, माझ्याकडच्या प्रतीवरून घेतलेली. परवा छापखान्यातून कोऱ्या कागदाची डमी आली. कव्हर बसवायला कण्याची जाडी नेमकी लागते, पट्टीने अंदाज येईना. तिने पाकिटातून व्हर्निअर काढला, दोन जबड्यांत पुस्तक धरले, खिडकीपाशी जाऊन डोळ्याजवळ नेले आणि मला आकडा लिहून घ्यायला सांगितला. ९.८४ मिलिमीटर.

छापून झाले की एक प्रत आपल्या कार्यालयात पाठवीन. परीक्षण छापणे न छापणे आपल्या हाती आहे. पण चित्र छापलेत तर खाली त्या मुलीचे नाव छापा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय सहायक
खारेगाव, कळवा (ठाणे)